पिवळं कुठं असावं

चारेक आठवडे आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न एकच असायचा, शीचा रंग कोणता होता. चहा झाला का, टाके दुखतायत का, हे सगळं नंतर. आणि हे सदाशिव पेठेतल्या घरात, जिथं जेवताना कुणी शी म्हणलं तर आई अजूनही डोळे वटारते. पण त्या सप्टेंबरात आईच पोळी मोडता मोडता विचारायची, "काय गं, आज तरी रंग आला का?"

२०१९ ची गोष्ट. धाकट्या बहिणीला सातवा नुकता लागलेला, अठ्ठाविसावा आठवडा, बीपी एकदम चढलं आणि घाईघाईत सिझर करावं लागलं. १८ ऑगस्ट, रविवार. मुलगी, ९६० ग्रॅम. मी एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, आकडा ऐकला की तो कशाच्या तरी शेजारी ठेवून बघायची खोड आहे, तर डोक्यात पटकन आलं की साखरेचा किलोचा पुडा पण याहून जड असतो, आणि मग स्वतःचाच राग आला. वाड्यातल्या काकू म्हणाल्या, सातव्यातलं जगतं हो, आठव्यातलंच अवघड. हे साफ उलटं आहे, पोटात जितके दिवस जास्त तितकं बरं, पण त्या दिवशी ते वाक्य मी प्रसादासारखं हातावर घेतलं.

धाकटी स्वतःच आयसीयूत, तिचा नवरा औषधं, पैसे, इन्शुरन्स यात पळतोय, म्हणून एनआयसीयूचा, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूचा, दुसरा पास माझ्याकडं आला. हॉस्पिटल नदीपलीकडं, नाव घेत नाही. तिथं दारात "मी मावशी" म्हणून सांगितलं तर आतल्या एका नव्या सिस्टरनं मला फिनेलची बाटली दाखवली, कारण हॉस्पिटलात मावशी म्हणजे कोण हे सगळ्या पुण्याला माहितीये. मी दोन सेकंद खरंच विचार केला की पुसून टाकावं, तेवढंच काहीतरी केल्यासारखं.

आत पेटीत ती. तिच्यापेक्षा तिच्याभोवतीची यंत्रंच जास्त. एका स्टँडला पिशवी, तिच्यावर आपण पोळ्या गुंडाळतो तो चकचकीत फॉईल, आणि शेजारच्या पंपावर मोठ्या सिरिंजमध्ये पांढरंशुभ्र दूध. मला इतकं बरं वाटलं! बाहेर येऊन आईला फोन केला, दूध चालू केलंय गं. दुसऱ्या दिवशी सिस्टरला म्हणलं, दूध नाकातनं नाही देत का, हातातनं कसं. ती हसली. म्हणाली ते दूध नाही, तेल आहे. सोयाबीनचं तेल, अंड्याच्या बलकातल्या एका पदार्थानं घुसळून इतकं बारीक केलेलं की पांढरं दिसतं आणि शिरेत अडकत नाही. फॉईलमधल्या पिशवीत ग्लुकोज, प्रोटीनचे सुटे तुकडे म्हणजे अमिनो अ‍ॅसिड, क्षार, व्हिटॅमिनं. फॉईल अशासाठी की उजेडानं त्यातलं काही काही बिघडतं. याला टीपीएन म्हणतात, सगळं जेवण थेट रक्तात. एवढ्या लहान बाळाचं आतडं कामाला लागलेलं नसतं, पूर्ण दूध एकदम दिलं तर झेपत नाही, आणि उपाशी ठेवलं तर अंगात साठवलेलं असं काही नसतंच, जेमतेम काही दिवस निघतील. आईला हे सांगितलं तर तिनं फक्त एकच शब्द पकडला. "अंडं?" आमच्याकडं चातुर्मास चालू होता.

पंपावर आकडा ०.६. तासाला ०.६ मिलि. मी तिथंच बाकावर हिशोब केला, दिवसाचं साडेचौदा मिलि, म्हणजे साधारण तीन चमचे ते पांढरं पाणी, त्यातलं निव्वळ तेल तर चमचाभरही नाही, एवढ्याशा फोडणीवर ती दिवस काढत होती.

पाचव्या दिवशी आईनं घरी पाचवी पुजली. पाट, कोरा कागद, पेन. सटवाई येऊन नशीब लिहून जाते म्हणतात. बाळ नदीपलीकडं आणि कागद सदाशिव पेठेत, पत्ता कसा लागणार हे मी विचारलं नाही. तिकडं सिस्टर दर तासाला एका मोठ्या कागदावर लिहित होतीच, किती आत गेलं, किती बाहेर आलं. जमा-खर्चच तो. मला तो कागद वाचायला यायला लागला आणि त्याच्यामुळंच मी ते दिवस काढले असं आता वाटतं.

तिसऱ्या दिवशी एक मिलि दूध नळीतनं पोटात, दर दोन तासांनी. धाकटीला दूध येईपर्यंत मिल्क बँकेतलं, कुणा दुसऱ्या आईनं दिलेलं. (आशियातली पहिली मिल्क बँक मुंबईत सायन हॉस्पिटलात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पुण्यातही आहेत आता.) सगळं बरं चाललेलं. अकराव्या दिवशी पोट फुगलं, नळीतनं हिरवं आलं. आतड्याला सूज, एनईसी नावाच्या आतड्याच्या आजाराचा संशय. दूध बंद, अँटिबायोटिक्स, फक्त टीपीएन. मग त्यात रक्तात इन्फेक्शन. तो आठवडा मी इथं लिहीत नाही.

तर या सगळ्यातनं ती तगली आणि मग पिवळी व्हायला लागली.

आता नवीन बाळ पिवळं होतं हे घरोघरी माहीत असतं, निळ्या लाइटखाली ठेवतात, जातं. तिलाही पहिल्या आठवड्यात लाइट दिलेला. म्हणून दुसऱ्यांदा पिवळी दिसली तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. रिपोर्टवर टोटल बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढतं ते पिवळं द्रव्य, ४.८. एवढं असतं हो प्रीमॅच्युअरना. सात-आठ दिवस असेच गेले, फक्त टोटल तपासत होते. माझी त्या हॉस्पिटलबद्दल खरी तक्रार असेल तर ती ही एवढीच, बाकी त्यांनी जीव ओतला. पण अकाउंट्समध्ये कुणी नुसती टोटल दाखवली आणि खालची फोड दाखवली नाही तर मी व्हाउचर परत पाठवते, आणि इथं मी रोज तो कागद बघून मान डोलावत होते.

पकडलं ते रात्रपाळीच्या एका सिस्टरनं. तिनं मला जवळ बोलवलं आणि ओला लंगोट ट्यूबलाइटसमोर धरला. मधोमध गडद पिवळा डाग, हळदीचं पाणी सांडावं तसा. "एवढ्या बाळाची शू पाण्यासारखी असते ताई. ही बघा. आणि शी बघितलीत का?" दुसऱ्या लंगोटात जे होतं ते पिठल्यासारखंसुद्धा नव्हतं, पिठल्याला निदान रंग असतो. ओल्या खडूसारखं काहीतरी. तिनं रात्रीच्या रजिस्ट्रार मॅडमना सांगितलं, त्यांनी सकाळच्या रक्तात डायरेक्ट बिलिरुबिन लिहून टाकलं. ११ सप्टेंबर, चोविसावा-पंचविसावा दिवस. ४.८ पैकी डायरेक्ट ३.१. दोनच्या वर गेलं की सरळसरळ गडबड धरतात, आता तर एकच्या वर गेलं तरी बघा म्हणतात.

मोठ्या सरांनी मला आणि धाकटीच्या नवऱ्याला बसवून समजावलं आणि त्यांची मी कायमची ऋणी आहे कारण त्यांना घाई नव्हती. बिलिरुबिन दोन तऱ्हेचं. एक, लिव्हरनं अजून हातात न घेतलेलं, त्याला निळा लाइट चालतो. दुसरं, लिव्हरनं आपलं काम केलंय, पण ते पित्तातनं बाहेर जात नाहीये. त्याला लाइटचा उपयोग नाही, उलट बाळ काळपट तपकिरी दिसायला लागतं. मला लगेच कळलं. बिल बनलंय, माल डिस्पॅच झाला नाही. गोडाऊनमध्ये साठतोय आणि आता रस्त्यावर आलाय, म्हणजे रक्तात, कातडीत, लघवीत. आणि जिथं पोचायचा तिथं, म्हणजे आतड्यात, नाही. म्हणून शी पांढरी. शीला जो पिवळा रंग असतो तो याच मालाचा असतो. इतकी वर्षं शी पिवळी का असते हा प्रश्नच कधी पडला नव्हता.

माल का अडला? तर सरांनी बोटांवर मोजून दाखवलं. एक म्हणजे इतक्या लवकर आलेल्या बाळाची लिव्हर पित्त ढकलायला अजून शिकलेली नसते. दुसरं इन्फेक्शन. तिसरं, पोट रिकामं. आतड्यात अन्न उतरलं की आतड्यातनं एक हार्मोन सुटतं आणि ते पित्ताशयाला सांगतं की पिळ आता. अन्नच नाही तर निरोप नाही, निरोप नाही तर पित्त तिथंच बसून घट्ट होतं. सोनोग्राफीत पित्ताशय दिसलं आणि त्यात गाळ दिसला. (पित्ताशय दिसणं ही चांगली बातमी होती, पित्ताची नळीच नसण्याचा एक आजार असतो आणि त्याचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत व्हावं लागतं, त्यामुळं कुठल्याही बाळाची शी पांढरट दिसली तर हा लेख बंद करा आणि डॉक्टरकडं जा.) आणि चौथं कारण सांगताना सर जरा थांबले. "चौथं, आपण देतोय तेच."

तेच पांढरं तेल, ज्याच्यावर ती जगली होती.

रात्री बाकावर बसून मोबाईलवर वाचत राहिले. माणसाला शिरेतनं पूर्ण जेवण देता येतं हे फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक या सर्जननं आधी बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांवर दाखवलं, आणि मग १९६७-६८ मध्ये तिथल्याच मुलांच्या हॉस्पिटलात एका मुलीला असं जेवण दिलं, जिला जवळजवळ आतडंच नव्हतं. ती वाढली, वजन धरलं. पुढं फार जगली नाही. तेलाची गोष्ट वेगळी, अमेरिकेत आधी सरकीच्या तेलाचं काढलं होतं, आपली ढेपवाली सरकी, ते लोकांना बाधायला लागलं म्हणून बंद केलं. तिकडं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंडनं सोयाबीनचं आणलं, ते टिकलं. आणि लिव्हरचं हे दुखणं? ते १९७१ सालीच लिहून ठेवलंय, एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं. म्हणजे जीव वाचवायची युक्ती आणि तिचं बिल यात फारतर तीन-चार वर्षांचं अंतर.

सोयाबीनच्या तेलात वाईट काय, तर तेलात काही वाईट नाही, आपण रोज भाजीला वापरतोच. वनस्पतींच्या तेलात त्यांचे त्यांचे स्टेरॉल असतात. तोंडावाटे खाल्लं तर आतडं त्यातले शेकड्याला पाचसुद्धा आत घेत नाही, बाकीचे बाहेरची वाट धरतात. आतडं म्हणजे जकातनाका आहे. (जकात गेली, पण आम्ही अकाउंट्सवाले विसरलो नाही.) शिरेतनं दिलेल्या जेवणाला नाकाच नाही, ट्रक थेट गावात. आणि हे स्टेरॉल लिव्हरमध्ये साठले की पित्त बाहेर टाकायच्या कामात आडवे येतात. मी आतड्याकडं आत्तापर्यंत निव्वळ नळी म्हणून बघत होते. काय आत घ्यायचं यापेक्षा काय घ्यायचं नाही हे त्याचं मोठं काम आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

म्हणून तेल कमी केलं, दिवसाला किलोमागे तीन ग्रॅमवरून एकावर आणलं. पंपावर आता ०.२. पिशवीतलं तांबं आणि मँगनीज पण कमी, कारण ते शरीरातनं पित्तावाटे बाहेर जातात आणि तो रस्ताच बंद. आई त्याच आठवड्यात धाकटीला तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायला लावत होती, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, तरी मी ते भांडं गुपचूप माळ्यावर टाकलं. आणि सर म्हणाले तेल बदलू. नवीन तेलात चार तेलं. सोयाबीन, ऑलिव्ह, एक नारळापासून वगैरे काढतात ते, आणि माशाचं. धाकटीचा नवरा मालवणकडचा. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे खोबरं आणि मासे? पोर आमच्यावर गेली." माशाच्या तेलात ते झाडांचे स्टेरॉल नसतात. बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात २००४ पासून नुसतं माशाचं तेल देऊन अशी बाळं बरी होताना बघितली, आणि अमेरिकेच्या औषध खात्यानं त्याला परवानगी दिली २०१८ च्या जुलैत. आमच्या आधी जेमतेम वर्षभर! आईला मासे कळवायचे की नाही यावर आमची दोघांची मीटिंग झाली आणि नाही असं ठरलं. तिला अजून माहीत नाही, हे वाचत नाही ती.

पण सर दारापर्यंत आले आणि म्हणाले, तेल बदलून मी वेळ विकत घेतोय. खरं औषध आईचं दूध, पोटात. एक मिलि का होईना. उद्यापासून परत सुरू करू.

उद्या म्हणजे १२ सप्टेंबर. अनंत चतुर्दशी.

धाकटी तोवर घरी आमच्याकडं. सकाळचं दूध काढलं, बारा मिलि, छोट्या बाटलीत, बाटली स्टीलच्या डब्यात, डब्यात बर्फाच्या पिशव्या, डबा माझ्या पर्समध्ये. रिक्षा मिळणार नव्हतीच. म्हात्रे पुलावरनं वळसा घालून शांतपणे जाता आलं असतं, पण मी जास्तीचा शहाणपणा केला, म्हणलं दुपारची वेळ आहे, अजून गर्दी नसेल, अलका टॉकीजच्या चौकातनं लकडी पुलावरनं पटकन जाऊ. पुण्यात जन्म काढून हे सुचावं! चौकात पाय ठेवायला जागा नाही. ढोल असे की डब्यातला बर्फ थरथरतोय हे मला पर्सवरनं हाताला कळत होतं. मी डबा बाहेर काढून छातीशी धरला आणि मग पुढंही जाता येईना आणि मागंही. दोर धरलेला पथकातला एक पोरगा ओरडला, "काकू, मागं व्हा, प्रसाद नंतर!" मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडले, बाळाचं दूध आहे, हॉस्पिटल. त्यानं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काही न बोलता दोर वर उचलला. पथकाच्या मधनं, ताशेवाल्यांच्या दोन रांगांमधनं, मी वाकून गेले. ताशा एक ठोका चुकला नाही. पलीकडं पोचेपर्यंत पाऊण तास गेला होता, आणि त्या दिवशी सिस्टरनं त्या बारा मिलितला एक मिलि सिरिंजमध्ये घेतला, सिरिंजचा दांडा काढून नळीला लावली, वर धरली. दूध आपलं आपण खाली उतरलं. दहा-बारा सेकंद. बाकीचं फ्रीजमध्ये.

मला वाटलं होतं आता दोन दिवसांत फरक दिसेल. कुठलं. लिव्हर ही आमच्या कॉर्पोरेशनसारखी आहे, अर्ज आज केला तर काम महिन्यांनी. दूध एकाचं दोन, दोनाचं तीन मिलि, मध्ये एकदा परत पोट फुगल्यासारखं वाटलं म्हणून बारा तास थांबले. डायरेक्ट ४.४. मग ५.५. मग ६.२. दूध वाढतंय आणि आकडा पण वाढतोय हे मला पचेना, सर म्हणायचे थांबा. २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं वाहून गेली, त्या रात्री आम्हाला कुणालाच घराबाहेर पडता आलं नाही, फ्रीजमधल्या साठ्यावर भागलं. घरी आलेल्या काहींनी लिव्हरचा गावठी काढा सुचवला. काकूंनी तर सरळ काविळीची माळ आणून दिली, कुठल्याशा वनस्पतीच्या काड्यांची, डोक्यात घालायची, काविळ उतरेल तशी ती लांब होत गळ्यात, छातीवर येते म्हणे. एनआयसीयूत माळ! मी आईला म्हणलं नेणार नाही. आईनं वाद घातला नाही. देवघराशेजारच्या कॅलेंडरच्या खिळ्यालाच अडकवून ठेवली, परत करायला बरं नाही दिसत म्हणून.

२ ऑक्टोबरला ऑफिसला सुट्टी होती म्हणून तारीख पक्की लक्षात आहे, मी गेले तर स्टँड नाही. पंप नाही, फॉईल नाही. सेहेचाळीसाव्या दिवशी टीपीएन बंद, सगळं जेवण पोटात. नळीतनं दुधाबरोबर एक कडू औषध, ज्याचं नाव अस्वलावरनं पडलंय कारण ते मुळात अस्वलाच्या पित्तात सापडलं, त्याचा कितपत उपयोग यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. आणि ए, डी, ई, के ची व्हिटॅमिनं, कारण पित्त नसेल तर ही पोटातनं अंगी लागत नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सव्वासहाला धाकटीचा फोन. ती तेव्हा कांगारू केअरला, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवायला, रात्री तिथंच थांबायची. काही बोलेना, मला वाटलं काय झालं आता. मग म्हणाली, "ताई, हिरवट आहे गं." फोटो आला. मी आयुष्यात कुठल्या फोटोकडं इतका वेळ बघितलं नसेल. हिरवट, कडेला थोडं मोहरीसारखं. तीन दिवसांनी पूर्ण पिवळं. धाकटीच्या नवऱ्यानं ग्रुपवर आपट्याच्या पानाचं चित्र टाकून खाली लिहिलं, यंदाचं सोनं उशिरा लुटलं. कातडीवरचा पिवळा मात्र जाता जाईना, तो महिना-दीड महिना सावकाश फिकट होत राहिला, डायरेक्ट ३, मग १.८. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक किलो आठशे ग्रॅमची होऊन घरी आली. जानेवारीत रिपोर्टवर ०.३. मी तो रिपोर्ट ऑफिसात प्रिंट काढून, पंच करून, फाइलला लावला.

मग बारसं केलं. काकू पेढा घेऊन देवघरापाशी गेल्या आणि तिथनंच हाक मारली, "बघा, उतरली की नाही!" माळ खिळ्यावरच होती. काड्या वाळून बारीक झालेल्या, गाठी सैल झालेल्या, आणि दोरा लांबत लांबत कॅलेंडरच्या खाली, पार जमिनीला टेकायला आलेला. कुणाच्याही डोक्यात न घालता.

आईनं माझ्याकडं बघितलं. मी काकूंना म्हणलं, हो ना, बघा की, आणि अजून एक पेढा दिला.